नाव बदललं, हिशेब कुठे जातो?

माझ्या तिकिटांच्या संग्रहात एकाच देशाची पानं निरनिराळ्या अक्षरांखाली विखुरलेली आहेत. काही 'काँगो'खाली, काही 'बेल्जियन काँगो'खाली, काही 'झैर'खाली आणि काही 'कटांगा' नावाच्या अशा देशाखाली, ज्याला जगातल्या एकाही सरकारने मान्यता दिली नाही. टपाल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला तिकिटावरचं नाव ही गंभीर गोष्ट वाटते. तिकीट हा सरकारने दिलेला शब्द असतो: तुम्ही पैसे भरलेत, आता या नावाने आम्ही तुमचं पत्र पोचवणार. त्या नावावर उद्या दुसरं नाव छापलं, तर दिलेला शब्द कोणी पाळायचा? काँगोच्या तिकिटांनी मला हा प्रश्न घातला आणि तो टपालापुरता राहिला नाही.

यातलं एक तिकीट भिंगाखाली धरून सांगते. १८९४ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतलं ते आहे. मधोमध काळ्या शाईत मातादी बंदराचं चित्र, भोवती रंगीत चौकट आणि फ्रेंचमध्ये देशाचं नाव: 'काँगोचं स्वतंत्र राज्य'. त्या चित्रावर तिरका शिक्का मारलेला आहे, 'बेल्जियन काँगो'. १९०८ मध्ये बेल्जियमने हा मुलूख आपल्या राजाकडून स्वतःच्या ताब्यात घेतला, तेव्हा नवी तिकिटं छापून येईपर्यंत जुन्याच तिकिटांवर हातशिक्के मारून काम भागवलं गेलं. बंदर तेच राहिलं, बोटीही त्याच. पुढे १९६० साली देश स्वतंत्र झाला तेव्हाही असंच झालं. बेल्जियन काँगोची फुलांची सुंदर मालिका होती. तिच्यावर 'काँगो' एवढा एक शब्द छापून ती स्वतंत्र देशाची तिकिटं म्हणून विकली गेली. दक्षिणेकडचा खाणींचा प्रांत फुटून निघाला, तर त्याने त्याच फुलांवर 'कटांगा' छापलं. फुलांचा रंगही बदलला नव्हता आणि ती दोन परस्परविरोधी सरकारांची झाली होती.

या पानांवर भारताचंही तिकीट आहे. आपल्या नेहमीच्या, भारताचा नकाशा असलेल्या तिकिटावर 'संयुक्त राष्ट्रांचं दल (भारत) काँगो' असं इंग्रजीत छापलेलं. १९६२ मध्ये तिथे असलेल्या आपल्या जवानांना घरी पत्रं पाठवता यावीत म्हणून ते निघालं. त्याच्या आदल्या डिसेंबरात, ५ तारखेला, कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया एलिझाबेथव्हिलमध्ये लढताना धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आज एलिझाबेथव्हिल नकाशात शोधलं तर सापडणार नाही. त्या शहराला लुबुंबाशी म्हणतात.

आधी नावांचा क्रम सांगून टाकते. १८८५ मध्ये बर्लिनची परिषद संपता संपता बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने हा प्रचंड मुलूख स्वतःच्या खासगी मालकीचा म्हणून पदरात पाडून घेतला आणि त्याचं नाव 'स्वतंत्र राज्य' ठेवलं. १९०८ पासून बेल्जियन काँगो. ३० जून १९६० पासून काँगोचं प्रजासत्ताक. पण काँगो नदीपलीकडच्या फ्रेंच वसाहतीनेही स्वातंत्र्य मिळाल्यावर तेच नाव घेतलं, म्हणून लोक राजधानीचं नाव जोडून काँगो-लिओपोल्डव्हिल आणि काँगो-ब्राझाव्हिल म्हणू लागले. १९६४ च्या राज्यघटनेने पहिल्याच्या नावात 'लोकशाही' हा शब्द घातला. १९६६ मध्ये लिओपोल्डव्हिलचं किन्शासा झालं. २७ ऑक्टोबर १९७१ रोजी हुकूमशहा मोबुटूने देशाला झैर केलं. मे १९९७ मध्ये त्याला हटवणाऱ्या लॉरां कबिलाने ते पुसून पुन्हा काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक आणलं. आज बातम्यांत डीआरसी, काँगो-किन्शासा, डीआर काँगो ही सगळी रूपं चालतात आणि वाचणाऱ्याला ती एकाच देशाची पर्यायी नावं वाटतात.

ती खरोखर पर्यायी आहेत का?

आपल्याकडे एकाला अनेक नावं असण्याची सवय जुनी आहे. अमरकोशात देवांची नावं ओळीने दिलेली असतात, विष्णुसहस्रनाम घरोघरी म्हटलं जातं. माझ्या कचेरीतल्या एक बाई जेवणाच्या सुट्टीत ते पुटपुटायच्या. मी त्या श्रद्धेतली नाही, पण त्यातलं एक मला पटतं: हजार नावं घेणारा माणूस त्या एकाच्या जवळ जायला बघत असतो. कुठलंही नाव आधीच्या नावावर काट मारत नाही. काँगोच्या नावांचं तसं नाही. इथे प्रत्येक नाव आधीच्या नावावर छापलेलं आहे आणि छापणारा दरवेळी वेगळा आहे. लिओपोल्डचं 'स्वतंत्र राज्य' आणि पहिला पंतप्रधान लुमुंबा याचं 'प्रजासत्ताक' एका कोशात शेजारी ठेवता येतात, पण ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

मग मागे उरतं काय? या प्रश्नासाठी मी ज्या ग्रंथाकडे वळते त्याची ओळख मला कॉलेजच्या नावातूनच झाली. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला काढलेल्या कॉलेजला पुढे मिलिंद हे नाव मिळालं आणि तो सगळा परिसर नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा मिनँडर, प्रश्न विचारणारा; नागसेन हा भिक्षू, उत्तर देणारा. त्यांचा संवाद म्हणजे 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ. त्यातला रथाचा दृष्टांत सगळ्यांना ठाऊक असतो: चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, जू म्हणजे रथ नाही, या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं व्यवहारापुरतं नाव म्हणजे रथ. माणसाचं नावही तेवढंच. नावामागे न बदलणारा कोणी बसलेला नाही. देशालाही हे सहज लागू पडतं. नदी, खाणी, सरहद्दी, पंतप्रधान, तिकिटं, यांतलं कुठलंही एक म्हणजे काँगो नाही.

बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, नाव म्हणजे नुसता संकेत. मला मात्र नागसेनाचं पुढचं बोलणं जास्त मोलाचं वाटतं. राजाला शंका येते: मागे कोणीच कायम नसेल, तर मागच्या कर्मातून माणूस सुटलाच की. यावर नागसेन आंब्याची गोष्ट सांगतो. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर चोर म्हणाला, याने पेरलेला आंबा वेगळा होता, मी तोडलेले वेगळे, म्हणून मी याचं काही चोरलेलंच नाही. राजाच निवाडा देतो की चोर दोषी आहे, कारण नंतरचे आंबे आधीच्या आंब्यातून आले. दुसरी गोष्ट शेकोटीची आहे. थंडीत एकाने शेकोटी पेटवली, ऊब घेतली आणि ती न विझवताच निघून गेला. ती पसरत जाऊन शेजाऱ्याचं शेत जळालं. मी पेटवलेला विस्तव वेगळा आणि शेत जाळणारा वेगळा, असं तो म्हणू लागला तर? राजा तेही ऐकून घेत नाही.

नागसेनाचं म्हणणं थोडक्यात असं, की नंतरचा आधीचाच नाही, पण आधीच्यापासून तुटलेला परकाही नाही. आणि जबाबदारी ठरवायला एवढं पुरतं. 'हा तोच देश आहे का' हा एक प्रश्न झाला आणि 'जाब कोणी कोणाला द्यायचा' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर अडलं म्हणून दुसऱ्याचं अडत नाही. काँगोच्या बाबतीत गेली शंभरहून अधिक वर्षं मोठमोठी माणसं या दोन प्रश्नांची सरमिसळ करून स्वतःची सुटका करून घेत आली आहेत. माझा राग त्यावर आहे.

लिओपोल्डचं राज्य हा त्या शेकोटीचा पहिला विस्तव. सायकलीचे आणि मोटारींचे टायर येऊ लागले होते, रबराला भाव आला होता आणि काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. गावागावाला रबराचा कोटा बांधून दिला जाई. तो भरला नाही की बायकांना ओलीस धरत, गावं जाळत, माणसं मारत. शिपायांना दिलेली प्रत्येक गोळी माणसावरच खर्च झाली याचा पुरावा म्हणून तोडलेले हात आणायला लावत. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाने १८९० मध्येच राजाला उघडं पत्र लिहून हा कारभार चव्हाट्यावर आणला होता. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ चा. त्याच वर्षी बारिंगा इथे मिशनरी ॲलिस सीली हॅरिस यांनी एक छायाचित्र घेतलं. न्साला नावाचा माणूस व्हरांड्याच्या कडेला बसला आहे. त्याच्यासमोर एक छोटा हात आणि एक छोटं पाऊल ठेवलेलं आहे, त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचं. तिचं नाव बोआली. रबर कमी पडलं म्हणून रखवालदारांनी तिला आणि तिच्या आईला मारलं होतं. मी ते छायाचित्र दर वेळी पूर्ण बघू शकत नाही. पण एक लिहून ठेवते: ज्या राज्याच्या नावात 'स्वतंत्र' हा शब्द होता, त्या राज्यात हे घडलं, आणि त्या राज्याचं नाव बदललं तरी बोआलीचं नाव बदललेलं नाही.

१९०८ मध्ये जगभरच्या टीकेमुळे बेल्जियमला हा मुलूख राजाकडून घ्यावा लागला. त्यानंतर एक युक्तिवाद रुळला: ते अत्याचार राजाच्या खासगी राज्यातले, बेल्जियमचा कारभार वेगळा. आंबे चोरणाऱ्याचं बोलणं हुबेहूब असंच होतं. त्या रबरातून ब्रसेल्समध्ये इमारती आणि स्मारकं उभी राहिली होती, ती मात्र बेल्जियमचीच राहिली. कंपन्यांचंही तेच. कटांगाचं तांबं काढणारी 'युनियन मिनियेर' १९०६ मध्ये, म्हणजे लिओपोल्डच्या हयातीत स्थापन झाली. १९६७ मध्ये मोबुटूने तिच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं आणि पुढे तिथे जेकामिन हे नाव आलं. बेल्जियममध्ये उरलेल्या कंपनीने २००१ मध्ये युमिकोर हे नाव घेतलं. खाणीच्या दोन्ही टोकांना नावं बदलली आणि मधलं खोदलेलं विवर तिथेच आहे.

पण 'काँगो' हे मूळचं नाव तरी त्या सगळ्या लोकांचं आहे का? तेही नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कोंगो हे नदीच्या मुखाजवळच्या एका जुन्या राज्याचं आणि लोकांचं नाव. त्याची राजधानी म्बांझा कोंगो आज अंगोलात आहे. लुबा, लुंडा, मोंगो अशा कितीतरी लोकांचा त्या राज्याशी संबंधही नव्हता, तरी ते सगळे नकाशात काँगोलीज झाले. कोंगोचा राजा न्झिंगा अ न्कुवू याने १४९१ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पोर्तुगालच्या राजाचं 'जुआँव' हे नाव स्वीकारलं. त्याचा मुलगा म्वेंबा अ न्झिंगा हा अफोन्सो झाला. हा अफोन्सो मनापासून ख्रिस्ती होता. १५२६ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहिली, की तुमचे व्यापारी आमची माणसं, आमच्या सरदारांची मुलं पळवून गुलाम म्हणून विकत आहेत, हे थांबवा. ते थांबलं नाही. राजाने नाव घेतलं, धर्म घेतला, आणि त्या नावाने लिहिलेल्या पत्रांना नाव देणाऱ्यांनीच दाद दिली नाही.

पुढे त्याच मुलखात किम्पा विटा नावाची तरुणी उभी राहिली. बाप्तिस्म्याचं तिचं नाव दोना बिआत्रिझ. संत अँथनी आपल्यात संचारला आहे, येशू आपल्याच राजधानीत जन्मला, असं ती सांगत असे. ओस पडलेली राजधानी तिने लोकांना घेऊन पुन्हा वसवली. १७०६ मध्ये तिला पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आलं. या तरुणीचा मी पुष्कळ विचार केला आहे. येशूचा जन्म आमच्या गावात झाला, हे म्हणणं इतिहास म्हणून खोटं आहे. पण बाहेरून आलेल्या नावाला आपल्या मातीत जागा मागणारं ते म्हणणं होतं, आणि तेवढ्यासाठी तिला मारलं गेलं. १९२१ मध्ये न्कांबा गावात सायमन किंबांगू यांनी रोगी बरे करायला आणि उपदेश करायला सुरुवात केली, तेव्हा बेल्जियन सरकारने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली. राजाने ती जन्मठेपेवर आणली आणि सुमारे तीस वर्षांनी, १९५१ मध्ये, ते एलिझाबेथव्हिलच्या तुरुंगातच वारले. त्यांच्या नावाचं चर्च आज लाखो लोकांचं आहे आणि ते लोक न्कांबाला नवं जेरुसलेम म्हणतात.

आता मोबुटू. त्याचं 'अस्सलपणा'चं धोरण वरवर पाहता या सगळ्यावरचा उतारा वाटतं. वसाहतीची नावं काढा, आपली ठेवा. किन्शासा, किसंगानी, लुबुंबाशी ही नावं मला मनापासून योग्य वाटतात. ज्या राजाने एवढी माणसं मारली त्याच्या नावाचं शहर कोणी का सहन करावं? पण 'झैर' हे नाव पाहा. स्थानिक भाषेत मोठ्या नदीला न्झादी म्हणत, ते पोर्तुगीज खलाशांच्या कानावर पडलं आणि त्यांनी झैर केलं. अस्सल म्हणून आणलेलं नाव पोर्तुगीज उच्चारातून गाळून आलेलं होतं. तेही मी सोडून देईन, कारण लोक परक्या शब्दालाही आपलं करून घेतात. माझा आक्षेप पुढच्या पावलाला आहे. १९७२ मध्ये माणसांची ख्रिस्ती नावं बंद झाली. मुलाला युरोपीय नाव देऊन बाप्तिस्मा करणाऱ्या धर्मगुरूला पाच वर्षांच्या तुरुंगाची धमकी होती. जोसेफ-देझिरे मोबुटू स्वतः मोबुटू सेसे सेको झाला. किन्शासाचे कार्डिनल जोसेफ मलुला यांनी विरोध केला, त्यांचं निवासस्थान काढून घेतलं गेलं आणि त्यांना काही काळ रोमला जावं लागलं.

इथे गुंता असा, की मलुला हे आफ्रिकी रीतीचे वैरी नव्हते, उलट सगळ्यात मोठे कैवारी होते. पूजेत ढोल हवेत, नाच हवा, पूर्वजांचं आवाहन हवं, यासाठी त्यांनी आयुष्यभर धडपड केली. त्या धडपडीतून तयार झालेला उपासनाविधी व्हॅटिकनने १९८८ मध्ये मंजूर केला, 'झैरच्या धर्मप्रांतांसाठी' म्हणून. मलुला तेव्हा थकलेले होते. पुढच्याच वर्षी गेले. देशाचं झैर हे नाव १९९७ मध्ये गेलं, पण त्या विधीला आजही झैरचा विधी म्हणतात. डिसेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये सेंट पीटर्स बॅसिलिकात काँगोच्या लोकांसोबत त्याच विधीने प्रार्थना केली. ज्या हुकूमशहाने ते नाव लादलं तो गेला, आणि ज्याला त्याने घराबाहेर काढलं त्याच्या कामात ते नाव शिल्लक राहिलं.

मोबुटूच्या हुकुमाबद्दल एवढ्या ठामपणे बोलण्याचं एक कारण माझ्या घरात आहे. आमच्या जुन्या पिढीत कचरू, दगडू, धोंडू, भिकी अशी नावं असत. काही नावं नजर लागू नये म्हणून आईबापच ठेवत, पण गावानेही आम्हाला चांगली नावं शोभत नाहीत असं धरून चालायचं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरांत गौतम, राहुल, सुजाता, यशोधरा जन्माला आले. कोणी हुकूम काढला नव्हता. माझ्या आजीने स्वतःचं जुनं नाव बदललं नाही आणि तिला कोणी बदलायला सांगितलंही नाही. नातवंडांची नावं मात्र तिने हौसेने निवडली. नाव बदलण्यातली मुक्ती मी या घरात पाहिली आहे, म्हणूनच नाव बदलण्याच्या नावाखाली चाललेली जबरदस्ती मला चटकन ओळखू येते. आणि हेही: धम्म घेतलेल्या माणसांनी नवी नावं घेतली, पण आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसलेलं आता आपलं राहिलं नाही, असं कधी म्हटलं नाही. उलट ते जास्त मोठ्याने सांगितलं. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, तेव्हा मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं जळाली, माणसं गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. नाव ही क्षुल्लक गोष्ट आहे असं मला कोणी सांगू नये.

मी राहते त्या शहराचीही नावं पालटत आली: खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. खडकीला शहर केलं ते मलिक अंबरने. तो हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. त्याचं जन्माचं नाव चापू होतं असं इतिहासकार सांगतात, अंबर हे नाव मालकाने ठेवलेलं. आफ्रिकेतून नेलेल्या माणसांची नावं बदलणं हा त्यांच्या विक्रीचाच भाग होता. काँगो माझ्यापासून फार लांब आहे असं मला वाटत नाही, ते यामुळेही.

आता हिशेबाकडे येते. मोबुटूच्या काळात झैरच्या नावावर परदेशातून भरमसाट कर्ज घेतलं गेलं. त्यातला किती पैसा कुठे जातो हे देणाऱ्यांना कळत होतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या वतीने झैरच्या मध्यवर्ती बँकेत बसलेले जर्मन अधिकारी एर्विन ब्लुमेंथाल यांनी १९८२ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं, की इथल्या भ्रष्टाचारात धनकोंना पैसे परत मिळण्याची आशा नाही. तरीही कर्ज देणं चालू राहिलं, कारण शीतयुद्धात मोबुटू पश्चिमेच्या कामाचा होता. १९९७ मध्ये मोबुटू गेला, झैर हे नाव गेलं. कर्ज गेलं का? ते काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाच्या खात्यावर आलं. २०१० मध्ये नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या योजनेतून सुमारे १२ अब्ज डॉलरची सवलत मिळेपर्यंत ते ओझं त्या लोकांच्या डोक्यावर होतं. ज्या बाईने किसंगानीच्या बाजारात आयुष्यभर भाजी विकली, तिने त्यातला एक फ्रँकही पाहिला नव्हता.

कर्जवसुलीच्या वेळी सगळ्यांना नागसेन पटतो. नाव बदललं तरी मागच्यातूनच पुढचं आलं, तेव्हा भरा. पण तोडलेल्या हातांची आणि मारलेल्या माणसांची गोष्ट निघाली की तीच माणसं रथाच्या दृष्टांतावर थांबतात: ते राज्य वेगळं, तो राजा वेगळा, आताचा देश वेगळा, जबाबदार नेमका कोण ते सांगता येत नाही. एका तत्त्वाचा अर्धा भाग वसुलीला आणि अर्धा भाग सुटकेला वापरणं हे अधर्माचं वागणं आहे. नावामागे न बदलणारा कोणी नाही, हा अनात्मवाद मी मानते, आणि म्हणूनच सांगते की तो कोणाच्या पळवाटेसाठी सांगितलेला नाही. आंब्याची गोष्ट नागसेनाने त्यासाठीच सांगितली.

पॅट्रिस लुमुंबा, स्वतंत्र देशाचा पहिला पंतप्रधान, १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात मारला गेला. मृतदेह आम्लात विरघळवला गेला. त्या कामात असलेल्या एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने लुमुंबाचा एक दात आपल्याजवळ ठेवला. ज्या देशाचा तो पंतप्रधान होता, त्याचं नाव त्यानंतर तीनदा बदललं. २० जून २०२२ रोजी ब्रसेल्समध्ये तो दात कुटुंबाच्या हवाली करण्यात आला आणि ३० जूनला, स्वातंत्र्यदिनी, किन्शासात त्याचं दफन झालं. घ्यायला कोण आलं, तेव्हाचा देश आताचाच का, असा तात्त्विक पेच त्या दिवशी कोणालाही पडला नाही. त्याची मुलं आली होती.

बेल्जियमच्या राजाने, फिलिप यांनी, २०२० मध्ये पत्र लिहून खेद कळवला आणि जून २०२२ मध्ये किन्शासात जाऊन तो पुन्हा बोलून दाखवला. माफीचा शब्द वापरला नाही. वसाहतीच्या काळाचा विचार करायला बेल्जियमच्या संसदेने नेमलेली समिती डिसेंबर २०२२ मध्ये माफीच्या मुद्द्यावर एकमत न होता गुंडाळली गेली. माझ्या मते ती माफी बेल्जियमकडे थकलेली आहे: १८८५ ते १९०८ च्या काळाची आणि त्यानंतरच्याही.